फासळ्यावाला माईक

मे महिन्यातल्या भर दुपारी नागपुरात माणूस घराबाहेर पडतो तो एक तर नाइलाजानं, नाही तर हट्टानं. बायजाबाई हट्टानं पडल्या होत्या. सक्करदऱ्याहून सदरपर्यंत सुनेच्या स्कुटीवर मागे बसून, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, त्या सारी वाट एकच पाठ घोकत आल्या.

"पाय भावना, मले फासळ्यावालाच पाहिजे. तो कानाले अडकवायचा नको, नि तो बिनवायरचा वांग्यासारखा तर बिलकुल नको."

"हो जी आई. किती वेळा सांगाल? सिग्नलवरच्या पोलिसालेही पाठ झालं आता."

भावना त्यांची सून. बँकेत नोकरी, जिभेला तिखट, पण सासूवर जीव. बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात गाण्याचा कार्यक्रम होता आणि मंडळानं कितीतरी वर्षांनी बायजाबाईंना गायला बोलावलं होतं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, पाहू. मग एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "फासळ्यावाला माईक असन तर गातो." भावनानं तेवढा शब्द पकडला. मंडळाकडे असला माईक कुठून असणार? ती म्हणाली, मी घेऊन देतो, चला.

आता हा फासळ्यावाला म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जुन्या काळचा तो जाडजूड, चकचकीत माईक. समोरून उभ्या पट्ट्या, थेट बरगड्यांसारख्या. बायजाबाईंच्या गायन पार्टीतल्या लोकांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. साउंडवाले देवाजी तो भाड्यानं द्यायचे, आणि बायांना एकच द्यायचे. ढोलकीला एक, पेटीला एक, बायांना हा एक. बाया मात्र दोन होत्या. एक बायजा आणि दुसरी जयवंता.

जयंती असो, पौर्णिमा असो, कुणाच्या घरचं नामकरण असो, दोघी त्या एका माईकला दोन बाजूंनी भिडायच्या. गालाला गाल लागायचा. बायजा ओळ उचलायची आणि जयवंता तिचा शेवट झेलायची. झेलायची ती अशी की ओळ एकीच्या तोंडातून कुठं सुटली आणि दुसरीच्या तोंडात कुठं गेली, हे पुढं बसलेल्याला कळायचं नाही. लोक म्हणायचे, "बाया दोन, पण आवाज एक." हे वाक्य ऐकलं की बायजाबाईंना दोन दिवस जेवण नाही मिळालं तरी चालायचं.

मग जयवंताच्या मुलाला खापरखेड्याच्या पॉवर हाउसात नोकरी लागली आणि ती त्याच्याबरोबर तिथल्या कॉलनीत राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. ती गेली आणि पार्टी उसवत गेली. गाणी लिहिणारे शाहीर गोपाळराव वारले. ढोलकीवाल्यानं पानठेला टाकला. बायजाबाई दोनचार ठिकाणी एकट्या गायल्या, पण त्यांचं त्यांनाच रुचेना. भाजी सगळी नीट पडावी आणि मीठच राहून जावं, तसं. त्यांनी गाणं सोडलं. जयवंताशी मग उरलं ते एवढंच, की सकाळी फोनवर फुलाचं चित्र आणि 'जय भीम' इकडून जायचं, तिकडून यायचं. जाऊ, एकडाव जाऊन येऊ, असं म्हणता म्हणता वर्षं सरली. सगळ्यांचं असंच होतं, त्यात नवल काय!

सदरमधलं ते वाद्यांचं दुकान म्हणजे नुसता गारठा. बायजाबाईंनी दुपट्टा सोडला, एसीखाली उभ्या राहून घाम वाळवला आणि मालकाला फर्मान सोडलं. मालक मोहित, तिशीतला पोरगा, अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा. त्यानं मोठ्या हौसेनं काउंटरवर तीन माईक मांडले. तिन्ही फासळ्यावाले.

"देखो आंटी. एकदम पुराना स्टाइल. आजकल शादी में, कॅफे में, सबको यही होना."

पहिला माईक इतका मोठा की बायजाबाईंचं अर्धं तोंड त्याच्यामागे गेलं. "हे तर नाकापेक्षा मोती जड झालं. लोकं गाणं ऐकतीन का माईक पाहतीन?" दुसऱ्याच्या पट्ट्यांच्या आत निळा स्पंज दिसत होता. तो त्यांना पाहूनच आवडला नाही. "ह्याच्या पोटात भांडे घासायची घासणी काहून भरली गा?" तिसरा मात्र त्यांनी हातात घेतला. तसंच वजन, तशाच पट्ट्या, तशीच डोक्यावरून उतरती गोलाई. त्यांनी त्याच्या गार पत्र्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांत पाणी येतं की काय असं त्यांना वाटलं, म्हणून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "लाव वायर. नुसतं पाहून का करू, मले का लोणचं घालायचं आहे?"

मोहितनं माईक स्टँडला लावला, वायर जोडली, स्पीकर सुरू केला. बायजाबाईंनी डोळे मिटले आणि गोपाळरावांचं गाणं उचललं, पार्टीचं सगळ्यात लाडकं.

"भीमानं दिली वाणी, मी मुकी कशी राहू..."

स्पीकरमधून आवाज आला तो शेजारच्या गल्लीतून कुणी गातंय तसा. पातळ, लांबून.

"खराब आहे हा."

"खराब नहीं आंटी, आप सामने आइए. हा फक्त दिसायला जुना आहे. अंदर सब नया. समोरचा आवाज घेतो, बाजूचा सोडून देतो."

"मी समोरच तर आहे!"

मोहितनं स्वतः पुढं होऊन "हॅलो, चेक, हॅलो" केलं. दुकान दणाणलं. बायजाबाई म्हणाल्या, "हॅलोले का अक्कल लागते?" मग त्यानं त्यांच्या कोपराला धरून त्यांना माईकच्या अगदी पुढ्यात आणून उभं केलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, ओळ उचलली. पहिले दोन शब्द भरदार आले. तिसऱ्या शब्दाला आवाज पुन्हा लांब गेला. मोहितनं पुन्हा आणून उभं केलं. पुन्हा तेच. दुसरा माईक लावून पाहिला, पहिला लावून पाहिला, वायर बदलली, स्पीकर बदलला. बायजाबाईंनी तिन्ही माईक नापास केले आणि वरून बिचाऱ्या मोहितला म्हणाल्या, "तुह्या दुकानाची वीजच कमजोर आहे."

शेवटी तो स्टँड धरून उभाच राहिला, म्हणजे कुणी हलायला नको. तेव्हा कुठं एक अख्खी ओळ नीट आली. भावनानं टाळी वाजवली. बायजाबाईंचं तोंड मात्र उतरलेलंच.

"आवाज येते रे बाबू. पण त्यात ते नाही येत."

"वो मतलब?"

"ते. ओळ संपता संपता असते ते. थोडं खरखर, थोडं ओलं. जुन्या फासळ्यावाल्यात बरोबर येत होतं."

मोहितनं त्याच्या मशीनवरची बटणं फिरवली. आवाज घुमायला लागला. बायजाबाई खवळल्या. "एको नको टाकू! मी का विहिरीत पडली?" त्यानं घुमणं काढलं, जाडपणा वाढवला, पातळपणा वाढवला. त्या दर वेळी मान हलवून नाही म्हणायच्या. त्यांना काय पाहिजे ते त्यांनाच सांगता येत नव्हतं आणि ते सांगता येत नाही याचाच त्यांना राग येत होता. गळा तोच, गाणं तेच, माईकही तसाच. मग ते गेलं कुठं?

"आई," भावना हळूच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं, असं तर नाही ना?"

दुसऱ्या कुणाच्या सुनेनं असं म्हटलं असतं तर घरात आठ दिवस अबोला झाला असता. बायजाबाईंनी फक्त डोळे वटारले. मोहित थकला होता. तो म्हणाला, "ये तीसरा घर ले जाके देखो आंटी. नहीं जमा तो वापस. मेरी तरफ से कोई टेन्शन नहीं." त्याला त्या दुकानाबाहेर जायला हव्या होत्या, ही गोष्ट भावनाला कळली, सासूबाईंना कळली नाही.

संध्याकाळी घरी कूलरसमोर बसून भावनानं दुकानात फोनवर घेतलेला सासूबाईंचा व्हिडिओ नवऱ्याला दाखवायला काढला. नवरा म्हणजे नागसेन, बायजाबाईंचा मुलगा. तो आधीच हसायला लागला होता. बायजाबाई म्हणाल्या, "मलेही दाखव, कोणता माईक बरा वाटते पाहू," आणि चष्मा लावून फोन हातात घेतला.

फोनमध्ये त्या गात होत्या. पण उभ्या होत्या भलत्याच जागी. माईक मधोमध आणि त्या त्याच्या एका अंगाला, मान वाकडी करून. दुसऱ्या अंगाला जागा रिकामी. बरोबर एक बाई उभी राहील एवढी. मोहित त्यांना पुढ्यात आणून सोडायचा आणि गाणं सुरू झालं की त्यांचे पाय आपोआप सरकायचे, डोळे मिटलेलेच. कुणी ढकलावं तसे सरकायचे. ओळीचा शेवट आला की त्या आवाज बारीक करायच्या आणि त्या रिकाम्या जागेकडे तोंड वळवायच्या. थांबायच्या. मग कुणी काही झेलत नाही म्हटल्यावर पुढची ओळ उचलायच्या.

त्यांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. नागसेनचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"माईक चांगला आहे," त्या म्हणाल्या. फोन भावनाच्या हातात दिला आणि चष्मा पुसायला घेतला. "माईकले काहीच झालं नाही. मीच अर्धी गाऊन राहिली."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "उद्या रविवार ना? बँक बंद?"

"हो."

"मंग खापरखेड्याले चल. जयवंताले आणाले जाऊ. ती आली तर मी गातो, नाही तर मंडळाले नाही म्हणून सांगून देतो."

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून त्या सकाळीच निघाल्या. स्कुटीवर पुढं पायाशी नागसेनचा छोटा बॅटरीवाला स्पीकर, मागं बायजाबाई, त्यांच्या मांडीवर पिशवीत माईक आणि हातात उभा धरलेला स्टँड. रस्त्यानं जाणारे वळून वळून पाहत होते. बायजाबाईंना त्याची फिकीर नव्हती. जयवंता काय म्हणेल, कशी म्हणेल, आधी रडेल का आधी शिव्या देईल, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललं होतं. ती नाही म्हणेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. असं वाटायचं कारणच काय? अर्धा माईक तिचाच तर होता.

पॉवर हाउसच्या चिमण्या लांबून दिसायला लागल्या. कॉलनीत विचारत विचारत क्वार्टर सापडलं. जयवंता अंगणात खाटेवर जुनं पातळ अंथरून मूगवड्या घालत बसली होती. केस पार पांढरे, अंगानं थोडी भरलेली, पण बसायची ढब तीच. तिनं वर पाहिलं आणि हातातला वडीचा गोळा तसाच राहिला.

"माय वं! बायजा? एवढ्या उन्हाची? नि हा भाला कायले आणला, कोणाले मारतं?"

"तुलेच मारतो. एवढी वर्षं तोंड नाही दाखवलं!"

दोघी हसल्या, आणि हसता हसता बायजाबाईंना हुंदका आला. जयवंतानं भरलेले हात लांब धरून त्यांना कोपरांनीच मिठी मारली. माठातलं पाणी झालं, चहा झाला, कोण कोण गेलं आणि कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते झालं. मग बायजाबाईंनी पिशवीतून माईक काढला.

"अगं, फासळ्यावाला!" जयवंता त्याला हात लावायला गेली, मग हात डाळीचे म्हणून मागे घेतला.

"बुद्धपौर्णिमेले विहारात गायचं आहे. तुले न्यायले आली."

"मले?"

"नाही तर का त्या चिमणीले?"

जयवंतानं एक वडी घातली. दुसरी घातली. तिसरी घातली आणि म्हणाली, "मी नाही येत बायजा."

"काहून? गळा गेला का?"

"गळा मस्त आहे."

"पोरगा नाही म्हणते?"

"तो कायले नाही म्हणन? तोच म्हणते, आई गात जा."

"मंग भाव खाऊन राहिली का? पाया पडू का तुह्या?"

खाटेवर वड्यांची रांग सरळ होती, तरी जयवंता ती बोटानं सारखी करत राहिली. भावनाला वाटलं आपण उठून आत जावं, पण आत कुणाच्या घरात जाणार? ती तिथंच बसून राहिली.

"खरं सांगू का? राग नको धरू," जयवंता शेवटी म्हणाली. "एका माईकले उभ्या राहत होतो आपण. माझा कान तुह्या तोंडापाशी. एवढी वर्षं गायली मी, गावंच्या गावं पालथी घातली, पण मले माझा आवाज कधी ऐकूच नाही आला. लोकं म्हणत, बाया दोन नि आवाज एक. तो एक तुझा होता बायजा."

बायजाबाईंना आधी रागच आला. असला राग, की त्यांचे कान तापले. "असं कसं म्हणतं तू? अर्धा माईक तुलेच तर देत होती मी! आताही देतो. विचार ह्या भावनाले. दुकानात एकटी उभी होती तरी तुझी जागा राखून गात होती. व्हिडिओ आहे, दाखव वं तिले."

भावनानं फोन पुढं धरला. जयवंतानं ओले हात पदराला पुसले आणि सगळा व्हिडिओ पाहिला. तिचे डोळे भरले. ते बायजाबाईंनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, झालं, आली. आता पातळ बदलायला उठेल.

"जागा राखली तू, हे खरं आहे," जयवंता म्हणाली. "पण राखली ती बाजूची."

आयुष्यभर ज्यांच्या तोंडाला कुणी लागलं नाही त्या बायजाबाई, खाटेच्या कडेवर नुसत्या बसून राहिल्या. त्यांना आठवत होते ते दिवस त्यांच्या मनात सोन्याचे होते. गालाला गालाचा घाम लागायचा, श्वास एकमेकींच्या श्वासात मिसळायचा, ते सगळं. आणि तेच दिवस ही बाई दुसऱ्या बाजूनं जगली होती, हे त्यांना आज, एवढ्या वर्षांनी, मूगवड्यांच्या खाटेवर कळत होतं.

कोंडी फोडली ती भावनानं. "मावशी, मग आज ऐका ना तुमचा आवाज. माईक आहे, स्पीकर आहे, स्टँड तर आईंनी सीमेवरच्या जवानासारखा धरून आणलाय. उभ्या तर राहा."

"चल, काही तरीच!" जयवंता म्हणाली. पण ती उठली. हात धुतले, तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, पदर सारखा केला. भावनानं अंगणातल्या कडुलिंबाखाली स्टँड उभा केला, वायर जोडली. जयवंता जाऊन माईकच्या एका अंगाला उभी राहिली. ते तिच्याच ध्यानात आलं. मग ती सरकली आणि मधोमध उभी राहिली, बरगड्यांच्या अगदी समोर. कुणीही तिला सांगितलं नाही.

"पहिली ओळ म्हणू?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. पहिली ओळ तिनं जन्मात कधी उचललीच नव्हती.

"भीमानं दिली वाणी, मी मुकी कशी राहू..."

आवाज बायजाबाईंपेक्षा खालचा. जरा जाड, जरा घोगरा. सुरुवातीला चाचपडत आला, मग वर चढला आणि ओळ संपता संपता थोडा फुटला, थोडा भिजला आणि तसाच भिजलेला थांबला. बायजाबाई ताडकन उभ्या राहिल्या. खाटेवरच्या चार वड्या त्यांच्या पदरासोबत खाली गेल्या.

ते होतं ते! सदरमध्ये तीन माईकमध्ये शोधलं ते, बटणं फिरवून फिरवून मोहितला सापडलं नाही ते. एकटीनं गाताना जे नाही म्हणून त्यांनी गाणं सोडलं होतं ते. लोक बायजाच्या गळ्यातली जी जागा म्हणून वाखाणायचे आणि जी आपलीच आहे असं समजून त्यांनी मान झुकवून वाहवा घेतली होती, ती ही. ती त्यांची नव्हतीच. ती कायम गालाशी उभी होती, आणि इतकी गालाशी होती की त्यांना वेगळी कधी ऐकूच आली नाही.

जयवंता स्वतःच ओळीच्या शेवटी थांबली होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मग हसायला लागली, पोरीबाळी हसतात तशी खिदळत. "अशी येते का मी? भावना, मी अशी येते का गं? अजून एकडाव लाव बरं!" ती पुन्हा गायली. मग दुसरं कडवं गायली. शेजारच्या क्वार्टरची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तर तिला पाहून तिसरंही गायली.

बायजाबाई रडत होत्या. डोळे पुसत नव्हत्या, लपवत नव्हत्या, सरळ रडत होत्या. "तुझंच होतं ते," त्या म्हणाल्या, "मी येडी, माईकात शोधून राहिली होती."

जयवंता गाणं संपवून येऊन त्यांच्याजवळ बसली. दम लागला होता तिला. मग तीच म्हणाली, "येतो मी. पण दोन माईक पाहिजेत. एक तुले, एक मले, नि मधात चांगलं अंतर. नि पहिली ओळ मी उचलीन. शेवट तू झेलायचा. जमते का?"

"जमते," बायजाबाई म्हणाल्या. एवढ्या लवकर म्हणाल्या की भावनाला आश्चर्य वाटलं. तिनं लगेच दुकानात फोन लावून सासूच्या हातात दिला, न जाणो, विचार बदलला तर!

"बोलो आंटी," पलीकडून मोहितचा आवाज आला. "वापस करना है ना?"

"वापस नाही. अजून एक पाहिजे. असाच, डिट्टो."

"दूसरा किसलिए? एक तो आपको खराब लग रहा था."

"खराब नव्हता बाबू, तुझी माफी मागतो. हा जयवंताबाईचा झाला. त्या गाणार आहेत. दुसरा मले पाहिजे, मी झील धरणार आहे."

मोहितला झील म्हणजे काय ते कळलं नसावं, पण माल परत येत नाही एवढं कळलं. त्यानं रविवारीही दुकान उघडं आहे म्हणून सांगितलं. बायजाबाईंनी फोन ठेवला. म्हणजे आता बुद्धपौर्णिमेला मंचावर दोघी असणार. त्यासाठीच तर त्या आल्या होत्या. हवं ते मिळालं होतं, आणि तरी पुरतं मिळालं नव्हतं. दोन माईक म्हणजे दोन जागा, मधात चांगलं अंतर. गालाशी आता कुणी असणार नव्हतं, ना मंचावर, ना कुठं. हे त्यांना बोलल्याशिवाय राहवेना.

"जयवंते, एक सांगतो. माईक दोन होऊ दे, चार होऊ दे. पण मले तुही लय याद येते वं. गाण्याची नाही म्हणत मी. तुही येते. सकाळी उठली की येते, पोळ्या लाटता लाटता येते. एवढी वर्षं झाली, पण रोज येते."

जयवंतानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बायजाबाईंनी तोंड दिलं असतं.

"मंग एकडाव तरी रिकाम्या हातानं काहून नाही आली?"

कडुलिंबाखाली स्टँड उभा होता. शेजारीण घरात गेली होती. भावना स्कुटीची चावी उगाच बोटांत फिरवत होती. बायजाबाईंनी उत्तर शोधलं. पोराचं लग्न होतं, गुडघे दुखत होते, ऊन होतं, पाऊस होता, सगळं होतं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. खापरखेडा काही दिल्लीला नव्हतं. आपल्याला तिचा आवाज पाहिजे झाला तेव्हा कुठं आपले पाय इकडं वळले, हे त्यांना कळलं आणि त्यांची मान खाली गेली.

"भावना," त्या म्हणाल्या, "वायर काढ माय, गुंडाळून ठेव. नि तू जा, दुकानातून तो दुसरा घेऊन ये. मी सांजच्यापर्यंत इथंच आहे."

मग त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या, बांगड्या वर सारल्या, पातेल्यात हात घातला आणि वड्या घालायला लागल्या. जयवंतानं त्यांनी घातलेल्या वड्यांकडे पाहिलं.

"लहान घाल," ती म्हणाली. "मोठ्या वाळत नाही लवकर."

"बरं," बायजाबाई म्हणाल्या, आणि लहान घालायला लागल्या.